उतरताना डाव्या हाताला

आमच्या इमारतीत बत्तीस सदनिका आहेत, चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. इमारत चिखलीत आहे. बांधली तेव्हा आसपास ज्वारीची शेते होती. आता चारही अंगांना लहान वर्कशॉप आणि त्यांच्या मधोमध आमच्यासारख्या इमारती. मी पहिल्या मजल्यावर राहतो. पत्नी गेल्यापासून एकटा. नोकरीची छत्तीस वर्षे मी एका कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. मशीनवरून उतरलेला नग मापायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, न बसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे माझे काम. निवृत्त झाल्यावर सोसायटीने मला अध्यक्ष केले. माझ्याविषयी कुणाला फार आदर होता म्हणून नव्हे. मला रोजच सुट्टी होती, एवढेच कारण.

सुट्टीचा विषय इथेच स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ही विजेच्या टंचाईच्या काळात पडलेली रीत. ती आमच्या अंगवळणी पडली. संगणकाच्या कंपन्या, बँका आणि शाळा मात्र रविवारी बंद. इमारतीत अर्धी बिऱ्हाडे गुरुवारची, अर्धी रविवारची. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी आणि बायकोची रविवारी, अशीही तीन घरे होती. ती कोणत्याच बाजूची नव्हती आणि दोन्ही बाजूंचे टोमणे खात असत.

बाजू म्हणण्याचे कारण असे की, काही वर्षांत खरोखरच दोन बाजू पडल्या. गुरुवारवाल्यांचा पुढारी एक फॅब्रिकेटर. मूळचा लातूरकडचा, मागच्या गल्लीत स्वतःचे वेल्डिंगचे दुकान असलेला. रविवारवाल्यांची बाजू एक बाई मांडत. चाळिशीच्या, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत मोठ्या जागेवर. सभा रविवारी ठेवली की फॅब्रिकेटर आणि त्याचे लोक कामावर. गुरुवारी ठेवली की बाई आणि त्यांचे लोक कामावर. सभेला पुरेशी माणसे जमली नाहीत, तर ती अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेता येते आणि मग गणसंख्येची अट राहत नाही, हे सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आमच्याकडे या अर्ध्या तासाचे शस्त्र झाले.

एका रविवारी आठ जणांनी अर्ध्या तासाच्या सभेत गच्चीला कुलूप लावण्याचा ठराव केला. पुढच्याच गुरुवारी सात जणांनी अर्ध्या तासाच्या सभेत ते कुलूप काढण्याचा ठराव केला. चार महिन्यांत ते कुलूप तीन वेळा लागले आणि तीन वेळा निघाले. शेवटी गच्चीवर पापड घालणाऱ्या बायकांनी ते पाण्याच्या टाकीत टाकून दिले.

तेव्हा मी एक नियम लिहिला. इमारतीत कोणताही फेरफार करणारा ठराव अर्ध्या तासाच्या सभेत होणार नाही. त्यासाठी एकाच सभेच्या पानावर किमान एकवीस सभासदांच्या सह्या हव्यात. सभा आलटूनपालटून गुरुवारी व रविवारी होतील. आणि विषयपत्रिकेतील विषयांवर सभेबाहेर चर्चा करू नये, म्हणजे जिन्यात, पार्किंगमध्ये कुजबुज होऊन गट पडणार नाहीत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सगळे उभे असतानाच मी तो वाचून दाखवला. सगळ्यांनी जागेवर सह्या केल्या. आमच्या सोसायटीच्या इतिहासातला तो एकमेव एकमताचा ठराव. मला त्याचा अभिमान होता. शेवटचे कलम मी सुवाच्य अक्षरांत लिहून फळ्यावर लावले.

त्यानंतरच्या मार्च महिन्यात चौथ्या मजल्यावरून एक अर्ज आला.

अर्ज ज्याच्यासाठी होता तो माझा जुना सहकारी. मी तपासणीत होतो तेव्हा तो मिलिंग मशीनवर होता. त्याचे नग मी तीस वर्षे मापले. त्यांवर लाल ठिपका क्वचितच पडे. पडला की तो महिनाभर माझ्याशी बोलत नसे आणि मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणे. पुढे बोलणे सुरू झाले तरी ‘इन्स्पेक्टर’ कायम राहिले. आम्ही दोघांनी एकाच वर्षी या इमारतीत घर घेतले. त्याने चौथा मजला घेतला, कारण वारा चांगला येतो. अर्ज येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणे थोडे जड झाले. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून एकवीस दिवसांनी तो घरी आला आणि रेलिंग धरून, दर मजल्यावर बसत, स्वतःच्या पायांनी वर चढला. आम्ही खालून पाहत होतो. सगळ्यांना हायसे वाटले.

खाली मात्र त्याला उतरता येईना. आमच्या जिन्याचे रेलिंग आतल्या बाजूला आहे. चढताना ते डाव्या हाताला येते, उतरताना उजव्या. त्याचा चालणारा हात डावा. उतरताना डाव्या हाताला नुसती भिंत.

वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, रेघांच्या कागदावर अर्ज लिहिला होता. ‘माझे पती जिना चढू शकतात, पण उतरू शकत नाहीत. तरी भिंतीच्या बाजूने दुसरे रेलिंग बसवून मिळावे.’ एवढेच. मी अर्जावर आवक क्रमांक घातला, पोच दिली आणि सांगितले, ‘पुढच्या सभेत घेऊ.’

‘भावजी, पाइपच लावायचा आहे हो भिंतीला,’ त्या म्हणाल्या.

‘फेरफार आहे,’ मी म्हणालो.

आमच्या इमारतीत वेल्डिंग येणारे नऊ जण आहेत, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

विषय एप्रिलच्या रविवारी पहिल्यांदा आला. बारा सह्या झाल्या. बाई म्हणाल्या, ‘काका, स्टेनलेस स्टीलचं घ्या. एकदा लावलं की बघायला नको.’ मागून एकाने भर घातली, ‘नाहीतर ते गुरुवारवाले घरीच जोडतील काहीतरी. जिना आहे का ट्रॅक्टरची ट्रॉली?’ सगळे हसले. पुढचा पाऊण तास गैरहजर माणसांच्या उद्धारात गेला. जूनच्या गुरुवारी तेरा सह्या झाल्या. फॅब्रिकेटर उभा राहून म्हणाला, ‘स्टेनलेस म्हणं! हॉटेल हाय का हे? आपण साधा लोखंडी पाइप लावू, एका दिवसात. त्यांना काय, काहीबी असो, मोबाइलवरून मागवायचं असतं.’ पुन्हा हशा, पुन्हा पाऊण तास. मी दोन्ही वेळा शेवटी तेच लिहिले: गणसंख्येअभावी ठराव ग्राह्य नाही.

मे महिन्यात माणसे गावाला गेलेली. पंधरा ऑगस्टला सगळे हजर होते. फॅब्रिकेटरने माझ्याकडे पाहत हळूच विचारलेही, ‘साहेब, आजच उरकायचं का ते?’ मी म्हणालो, ‘राष्ट्रीय सणाच्या दिवशी वाद नको.’ सव्वीस जानेवारीलाही मी तेच म्हणालो. ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा आणखी तीन सभा त्या विषयावर झाल्या आणि तशाच संपल्या. चार माणसे भेटली की मी सांगत असे, ‘दोन बाजूंच्या हट्टापायी एक माणूस चौथ्या मजल्यावर अडकून पडला आहे.’ मी हे मनापासून बोलत असे. मी कोणत्याच बाजूचा नव्हतो आणि मला ते माझे बळ वाटत होते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी चष्म्याची नवी काच आणायला बसने पिंपरीला गेलो. काच तयार नव्हती. दुकानदार म्हणाला, ‘सहानंतर या.’ थांबून काय करायचे म्हणून मी परत निघालो. मंगळवारी मी पाचपर्यंत वाचनालयात असतो. त्या दिवशी तीनलाच इमारतीत शिरलो.

जिन्यात बाईमाणसाचा आवाज येत होता. ‘टेकला. हं. आता तुमचा.’ मग काही वेळ शांतता. मग पुन्हा, ‘टेकला. आता तुमचा.’ कुणीतरी कपाट उतरवत असावे असे मला वाटले. जिन्यातून सामान हलवायला पूर्वसूचना लागते आणि माझ्याकडे तशी आलेली नव्हती. म्हणून मी जाब विचारायला वर चढलो.

तळमजला आणि पहिला मजला यांच्यामधल्या वळणावर मी थांबलो. वरच्या पायऱ्यांवरून एक पाठ माझ्याकडे येत होती. तो उलटा उतरत होता. तोंड वर, पाठ खाली. डाव्या हाताने रेलिंग धरलेले, उजवा हात बाजूला लोंबता. त्याच्या दोन पायऱ्या खाली वहिनी गुडघ्यांवर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी त्याचा उजवा घोटा धरून त्यांनी तो पाय खालच्या पायरीवर नेऊन ठेवला, वरून दाबून पाहिला आणि म्हणाल्या, ‘टेकला. आता तुमचा.’ मग त्याने आपला डावा पाय आपण खाली घेतला. मग त्या गुडघ्यांवरच एक पायरी मागे सरकल्या.

ती मान मी ओळखली. मशीनवर वाकलेली ती मान मी तीस वर्षे मागून पाहिली होती.

मी तोल सावरायला भिंतीला हात लावला. तिथे धरायला काही नव्हते. 

वहिनींना चाहूल लागली. त्यांनी वळून पाहिले. घोटा सोडला नाही.

‘भावजी?’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही आज वाचनालयात नाही?’

माझ्या येण्याजाण्याच्या वेळा त्यांना पाठ होत्या, हे त्या प्रश्नातून कळले.

‘कोण आहे?’ त्याने विचारले. त्याला मान वळवता येत नव्हती.

‘भावजी आहेत.’

‘इन्स्पेक्टर?’ तो म्हणाला. ‘मग संपलं. मार ठिपका.’

मी विचारले, ‘हे कधीपासून?’

‘गणपतीपासून,’ वहिनी म्हणाल्या.

‘रोज?’

‘रोज कसं? तुम्ही बाहेर असाल त्या दिवशी.’

गणपतीपासून फेब्रुवारी म्हणजे पाच महिने. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत बहात्तर पायऱ्या. मी वहिनींचे हात पाहिले. उजव्या अंगठ्याचे नख पूर्ण काळे पडले होते.

‘मला का सांगितले नाही?’ मी म्हणालो. माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला.

वहिनींनी पदराने कपाळ पुसले. त्या अजिबात रागात नव्हत्या. साधी अडचण सांगावी तशा बोलल्या. ‘अर्जात लिहिलंय ना, उतरता येत नाही म्हणून. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, उतरतोय की हा. मग अर्ज खोटा पडला असता.’

त्या बरोबर बोलत होत्या. मी तसेच म्हटले असते. कदाचित तसे लिहिलेही असते.

मी भिंतीला चिकटून वाट दिली. ते दोघे माझ्यासमोरून उतरले. राहिलेल्या पायऱ्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी तिथे उभा होतो. मदत करावी हे मला सुचले नाही. सुचले असते तरी कुठे धरायचे ते मला ठाऊक नव्हते.

खाली तो बाकावर बसला. समोरच्या वर्कशॉपमध्ये एक जुने मिलिंग मशीन चालते. त्यासाठीच तो खाली येत होता. मीही जाऊन बसलो. तो समोर कान लावून होता. मग तो जड जिभेने म्हणाला, ‘कटर बोथट झालाय त्याचा. ऐक. आज-उद्या मोडणार.’ मी ऐकले. मला फरक कळला नाही.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या कार्यालयात बसून इतिवृत्ताची वही काढली. आपली बाजू तपासून घ्यावी, एवढाच हेतू होता. पाच सभा, पाच पाने. एप्रिल, रविवार: ‘जिन्याच्या भिंतीकडील बाजूस रेलिंग बसवावे. उपस्थित सर्वांना मान्य.’ जून, गुरुवार: ‘जिन्याच्या भिंतीकडील बाजूस रेलिंग बसवावे. उपस्थित सर्वांना मान्य.’ ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर: तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. अक्षर माझेच. प्रत्येकाच्या खाली माझ्याच अक्षरात: ठराव ग्राह्य नाही. आणि खाली माझी सही.

माझ्या लक्षात फक्त भांडण राहिले होते. बारा आणि तेरा मिळून पंचवीस होतात, हे दहा महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आले नव्हते. एकाही माणसाने या रेलिंगला एकदाही विरोध केलेला नव्हता. बत्तीस घरांत ते अडवणारा एकच माणूस होता, आणि तो कोणत्याच बाजूचा नव्हता.

मी वही काखेत मारून फॅब्रिकेटरच्या दुकानात गेलो. तो ग्राइंडर चालवत होता. मला पाहून त्याने बटण बंद केले.

‘या साहेब. काय चुकलं आमचं?’

मी काही बोलणार तोच मला मागच्या भिंतीला उभे केलेले पाइप दिसले. आठ तुकडे, तांबडा प्रायमर दिलेले, प्रत्येकाला ब्रॅकेट जोडलेली. खडूने लिहिले होते: पहिला खाल, पहिला वर, दुसरा खाल, दुसरा वर. असे चौथ्यापर्यंत. प्रायमरवर धूळ बसली होती.

‘हे काय आहे?’

‘आपल्या जिन्याचं,’ तो म्हणाला. ‘दिवाळीपासून पडलंय.’

‘मापे कोणी घेतली?’

‘मॅडमनी. एका रविवारी टेप लावून घेतली आन् ड्रॉइंग करून मोबाइलवर पाठवलं. लई बारीक काम. अर्धा सूतसुद्धा चुकलं नाही.’

मी स्टुलावर बसलो. ‘तुम्ही दोघे एकमेकांशी बोलता?’

तो हसला. ‘साहेब, भांडायचं म्हटलं तरी बोलावं लागतंच की.’

‘मग सभेत?’

‘सभेत आपापली माणसं बसलेली असतात. तिथं नरम पडून कसं चालंल? मॅडम म्हणल्या, मी स्टेनलेस म्हणत राहणार, तुम्ही लोखंडी म्हणत राहा. लागू द्या लोखंडीच, फक्त रंग आमचे लोक निवडतील. मी म्हणलं, निवडा.’

‘मग मला का नाही सांगितले?’ एकाच दिवसात मी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारत होतो.

त्याने हातमोजे काढले. ‘फळ्यावर काय लिहून ठेवलंय तुम्ही? सभेबाहेर चर्चा करू नये. आम्ही केलेली. ते सांगायला तुमच्याकडं यायचं?’

‘मग न सांगता बसवायचे.’

‘तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीनं कपडे वाळवायला दांडा लावला होता. तुम्ही तो उपटायला लावला का नाही? हे पण उपटायला लावलं असतं. आन् तवर बाबांच्या हाताला सवय झालेली असती.’ तो थांबला. ‘राग मानू नका, साहेब. आम्ही दोघंबी तुम्हाला भितो. तेवढं एक आमचं जमतं.’

मला राग आला नव्हता. मी उठलो आणि थेट चौथ्या मजल्यावर गेलो. वर पोहोचेपर्यंत मला दोनदा थांबावे लागले. 

तो पलंगावर बसला होता. मी त्याच्यासमोर वही उघडून पाचही पाने एकामागोमाग वाचून दाखवली आणि काय झाले ते सांगितले. माझे चुकले, हे वाक्य मला उच्चारता आले नाही. त्याने ते मागितलेही नाही. 

‘एकाच सभेच्या पानावर एकवीस सह्या हव्यात,’ मी म्हणालो. ‘गुरुवारी एकवीस जमत नाहीत. रविवारी जमत नाहीत. नियम मीच लिहिला आहे आणि तो मोडायलाही एकवीसच लागतात.’

त्याने विचार केला. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाला, ‘इन्स्पेक्टर, पहिल्या पाळीत माझा नग अर्धा राहिला तर काय व्हायचं?’

‘दुसऱ्या पाळीचा माणूस पुरा करायचा.’

‘कार्ड?’

‘तेच. नगाबरोबर पुढे जायचे.’

‘दोन पाळ्यांत झाला म्हणून तू कधी ठिपका दिलास?’

छत्तीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. नग एक, कार्ड एक. हात कितीही लागोत.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. तो त्यांना म्हणाला, ‘कळलं बघ त्याला. बिस्किट दे.’

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचे सुवाच्य कलम काढले आणि तिथे सूचना लावली. सभा एकच. ती गुरुवारी संध्याकाळी सहाला सुरू होईल आणि तहकूब होऊन रविवारी सकाळी दहाला त्याच पानावर पुढे चालेल. गुरुवारी पंधरा सह्या झाल्या. फॅब्रिकेटर सूचक झाला. कोणी भाषण केले नाही. बोलायला विरुद्ध काही उरले नव्हते आणि लोक थोडे गोंधळलेले दिसले. सह्यांच्या खाली मी रेघ ओढली नाही. जागा सोडली.

रविवारी तेरा सह्या त्या जागेत झाल्या. बाई अनुमोदक झाल्या. सही करताना त्यांनी वरचे सूचकाचे नाव वाचले आणि ओठ दाबून हसू आवरले. तेवढ्यात त्यांच्याच बाजूच्या एकाने हात वर केला. ‘काका, हे नियमात बसतं का? नाही, उद्या कुणी विचारलं तर.’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षे अशा प्रश्नाला मी कलम सांगून उत्तर देत आलो होतो. 

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘हरकत असेल त्याने लेखी द्यावी. मी ती घेईन आणि पोच देईन.’

पार्किंगच्या मागच्या टोकातून कोणीतरी म्हणाले, ‘पोच नको, काका. चहा द्या.’

मी ठराव वाचून दाखवला. त्याच्याखाली मी आदल्या रात्री एक वाक्य लिहून ठेवले होते, तेही वाचले: ‘हा ठराव यापूर्वीच्या पाचही सभांत उपस्थित सर्वांनी मान्य केला होता, तो अध्यक्षांनी नाकारला.’ बाई म्हणाल्या, ‘काका, हे लिहायची गरज नाही.’ मी म्हणालो, ‘इतिवृत्त आहे. जे झाले ते लिहायचे.’

पुढच्या गुरुवारी दिवसभर जिन्यात ड्रिलची घरघर चालली. संध्याकाळपर्यंत आठही तुकडे बसले. रविवारी सकाळी बाई आणि त्यांच्याकडचे लोक ब्रश घेऊन जिन्यात बसले. रंगावरून त्यांचे आपसातच बिनसले, म्हणून पहिले दोन मजले हिरवे आणि वरचे दोन निळे आहेत.

मंगळवारी रंग वाळला. दुपारी तीन वाजता मी चौथ्या मजल्यावर गेलो. मी वाचनालयात जाण्याची वाट पाहण्याचे त्या दोघांना आता कारण नव्हते. तो दाराबाहेर येऊन पहिल्या पायरीपाशी उभा राहिला. डाव्या हाताने निळा पाइप धरला, एकदा जोराने ओढून पाहिला. पाइप हलला नाही. 

तो मात्र तिथेच उभा राहिला.

‘काय झाले?’ मी विचारले. ‘ढिला आहे का?’

‘नाही.’ त्याच्या कपाळावर घाम होता. ‘खाली बघवत नाही.’

पाच महिने त्याने उतरताना फक्त तोंडासमोरची पायरी पाहिली होती. आता सगळा जिना त्याच्यासमोर उघडा पडला होता. रेलिंग लावले की तो उतरेल, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. अर्जातही तेवढेच होते.

वहिनी सवयीने पुढे झाल्या आणि पदर खोचून खालच्या पायरीवर बसू लागल्या. काळे नख अर्धे निघाले होते.

‘वहिनी, तुम्ही मागे राहा,’ मी म्हणालो.

मी त्याला ओलांडून दोन पायऱ्या खाली उतरलो आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे त्याला जिना न दिसता मी दिसेन. जुने रेलिंग माझ्या डाव्या हाताला आले. मी ते घट्ट धरले आणि उजवा पाय मागे सोडला. पायरी सापडेना. ती किती खाली आहे याचा अंदाजच येईना. पाय हवेत चाचपडत राहिला. हे मी खालून उभा राहून पाहिले होते. मला वाटले होते की पाहिले म्हणजे कळले.

माझा पाय त्याला माझ्या खांद्यावरून दिसत होता.

‘खाली बघू नको, इन्स्पेक्टर,’ तो म्हणाला. ‘माझ्याकडं बघ. अजून थोडा. हं, टेकला.’ आणि त्याने पाइपावरचा हात वीतभर पुढे सरकवून पहिले पाऊल टाकले. ‘आता दुसरा.’